चिठ्ठी न मागणारं मेडिकल, नेरूळ पूर्व (४ स्टार)

मेडिकलचा काय रिव्ह्यू लिहायचा असं नवरा म्हणाला, पण लिहितेच.

शनिवारी रात्री कंडोम फाटला. धाकटी सव्वा वर्षाची आहे आणि तिसरं नको म्हणजे नको. रविवारी सकाळी तिला कडेवर घेऊन घराजवळच्या मेडिकलात आय-पिल, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून नंतर घ्यायची तातडीची गोळी, आणायला गेले (नाव लिहीत नाही) तर काउंटरवरचा मुलगा म्हणे डॉक्टरची चिठ्ठी लागेल. म्हटलं आय-पिलला कसली चिठ्ठी, असली गोळी २००५ पासून बिनचिठ्ठीची मिळते, तर तो मालकालाच घेऊन आला आणि मालक मोठ्याने, "मॅडम, गर्भपाताच्या गोळ्या आम्ही ठेवत नाही." मागे एक काका बीपीच्या गोळ्यांसाठी उभे होते, त्यांनी बिचाऱ्यांनी मोबाईलमध्ये तोंड घातलं. अहो गर्भपाताचं किट वेगळं, त्याला चिठ्ठी लागतेच. ही गोळी बीज बाहेर पडणं लांबवते, दिवस गेलेलेच असतील तर तिचा काही उपयोगच नाही. मेडिकल चालवणाऱ्याला हे मी सांगायचं?

दुसरीकडे "मिस्टरांना पाठवा". मिस्टर घरी पोळ्या लाटत होते.

तिसरं हे, भाजी मार्केटजवळचं. काउंटरवर एक ताई, चष्मा दोरीला लटकवलेला. हळू आवाजात तीनच गोष्टी विचारल्या, कधी झालं, पाळी कधी आली होती, दूध पाजता का. लग्न झालंय का हे विचारलं नाही, आणि माझ्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतंच, रविवारी कोण घालतं. म्हणाल्या ७२ तास लिहिलंय म्हणून थांबू नका, जितकी लवकर तितकी चांगली, आत्ताच घ्या, दोन तासात उलटी झाली तर परत या, पाळी आठवडाभर लांबली तर टेस्ट करा. वर हेही, की ही सारखी घ्यायची गोळी नाही, सरकारी दवाखान्यात कॉपर टी आणि तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन फुकट मिळतं, एकदा जाऊन या. एमआरपीलाच दिली, बिलासकट.

मी दोन पोरांची आई, तोंडाने फटकळ, भांडून पुढच्या दुकानात जाऊ शकते. पण आमच्या सोसायटीत कॉलेजच्या मुली भाड्याने राहतात, त्यातली एखादी पहिल्याच "चिठ्ठी आणा"ला मान खाली घालून परत फिरेल आणि दोन दिवस तसेच जातील. कायदा आडवा येत नाही हो, काउंटर येतं. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, आणि इथे आम्ही रविवारी तीन दुकानं फिरतोय.

एक स्टार कापला कारण गोळी आधी पेपरात आणि मग काळ्या पिशवीत घालून दिली. मी पिशवी तिथेच काढून परत दिली, ताई हसल्या. पार्किंग नाही, आणि रविवारी दुपारी २ ला शटर खाली.