घर बांधण्याआधीचे घर: जुळे सोलापुरातील एका आर्किटेक्ट कार्यालयाच्या सेवेबद्दल

मुलगी चार वर्षांची झाली आणि भाड्याच्या घराचा करार तिसऱ्यांदा वाढवण्याची वेळ आली, तेव्हा विजापूर रोडच्या बाजूला घेऊन ठेवलेल्या ३० बाय ५० फुटांच्या जागेवर घर बांधायचे आम्ही ठरवले. अशा वेळी सोलापुरातली रुळलेली वाट म्हणजे ओळखीच्या ठेकेदाराला बोलवायचे, त्याने चौरस फुटाचा दर सांगायचा आणि नकाशा त्यातच फुकट घालून द्यायचा. आम्हालाही असे दोन नकाशे मिळाले होते. दोन्ही एकाच घराचे होते, फक्त एकात जिना डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे होता. म्हणून नकाशा, आरसीसी डिझाइन (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्याचे), महापालिकेचे काम आणि अंदाजपत्रक यांसाठी आम्ही जुळे सोलापुरातील एका छोट्या आर्किटेक्ट कार्यालयाकडे गेलो. कार्यालयाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे कौतुक आहे तशा तक्रारीही आहेत, आणि दोन्हींचा उपयोग नावाशिवाय होऊ शकतो.

फी चौरस फुटाला ४० रुपये ठरली. आमचे बांधकाम १४५० चौरस फुटांचे, म्हणजे ५८,००० रुपये, चार समान हप्त्यांत. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी एवढी रक्कम मोजायची म्हटल्यावर घरात कुरबूर झाली. सासूबाई म्हणाल्या, "कागदाला एवढे पैसे, मग विटांना किती?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर आम्हाला मे महिन्यात जेसीबीच्या खड्ड्यात मिळाले.

नकाशाची एक रेघही काढण्याआधी या कार्यालयाने जागेवर चाचणीचा खड्डा घ्यायला लावला. ठेकेदाराने आपल्या दरात चार फूट खोलीचा पाया धरला होता, आणि खड्ड्याचे ऐकून तो हसलाही होता. आमच्या जागेवर काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला इतक्या रुंद भेगा पडतात की सासूबाईंनी सहज काठी घातली तर ती हातभर आत गेली. खड्ड्यात साडेसहा फुटांपर्यंत ही मातीच लागली आणि त्याखाली घट्ट मुरूम. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे तिच्यावर टेकलेले जोते दरवर्षी थोडेथोडे वरखाली होते आणि भिंतींना तिरप्या चिरा पडतात, हे त्यांच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने आम्हाला त्या खड्ड्याच्या काठावर उभे करून समजावले. फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, मुरमावरच टेकवायचे, सर्व कॉलम प्लिंथ बीमने, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या तुळईने, बांधून घ्यायचे आणि जोत्यात निघालेली काळी माती परत न टाकता मुरमाची भरणी करायची, असे त्यांनी नकाशावरच लिहून दिले. खड्ड्याला जेसीबीचे १,२०० रुपये लागले. या संपूर्ण व्यवहारात इतके सार्थकी लागलेले दुसरे पैसे मला आठवत नाहीत.

आरसीसीच्या नकाशांत कॉलम ९ बाय १२ इंचांचे आहेत आणि उभ्या सळ्यांना बांधणाऱ्या प्रत्येक रिंगेची टोके, भूकंपात ती उघडू नयेत म्हणून, १३५ अंशांत आत वळवावीत असे ठळक लिहिले आहे. ठेकेदाराला हा नसता खर्च वाटला, पण सासूबाईंनी या बाबतीत आर्किटेक्टची बाजू घेतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून लोक निजलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरात त्यांच्या घरी मांडणीवरची भांडी वाजली होती, ते त्या अजून सांगतात. किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची जड धाबी कोसळून माणसे गेली. त्यांचे मंगळवेढ्याचे माहेरही माळवदाचेच, म्हणजे अशाच मातीच्या धाब्याचे होते, उन्हाळ्यात थंडगार, म्हणून त्या माळवदाविषयी नेहमी हळवेपणाने बोलतात आणि घाबरूनही बोलतात.

गारवा हवा पण माळवदाचे ओझे नको, हीच आमची खरी मागणी होती, आणि तिथे या कार्यालयाचे काम मला सर्वांत आवडले. आमची जागा पश्चिममुखी आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पश्चिमेचे ऊन उतरते असल्यामुळे दोन फुटी छज्ज्याखालून ते सरळ खोलीत शिरते, तिथे छज्जा वाढवून फारसे साधत नाही. म्हणून त्यांनी जिना, संडास-बाथरूम आणि अडगळीची खोली पश्चिमेच्या भिंतीला लावली आणि झोपायच्या खोल्या पूर्वेकडे घेतल्या, जेणेकरून दुपारचे ऊन आधी पश्चिमेच्या या भागाने सोसावे. वास्तुशास्त्रात नैऋत्येला घरधन्याची झोपण्याची खोली सांगतात आणि उन्हाच्या हिशेबात तोच घराचा सर्वांत तापणारा कोपरा ठरतो. इथे भांडण होणार असे वाटत असतानाच त्यांनी नैऋत्येला जिना दाखवला, जो वास्तूलाही चालतो. देवघर ईशान्येला आणि स्वयंपाकघर आग्नेयेला आले, आणि सासूबाईंनी नकाशावर हात ठेवून "आता चालेल" म्हटले. आर्किटेक्टच्या अंगी गणितापेक्षा हे चातुर्य जास्त लागत असावे.

छताबद्दलही त्यांनी नीट विचार केला आहे. सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत मधल्या वेळचा मारा भिंतींपेक्षा स्लॅबवर अधिक असतो. त्यासाठी गच्चीवर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचे चायना मोझेक सुचवले आहे आणि दक्षिणेकडील भागात सोलर पॅनेलसाठी स्लॅब टाकतानाच आधाराचे बोल्ट सोडायला सांगितले आहेत. केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल आम्ही वर्षाने लावू, पण तेव्हा नव्या गच्चीला भोके पाडावी लागणार नाहीत. वाळवणाला जागा उरेल ना, ही सासूबाईंची शंका त्यांनी पॅनेलची उंची सात फूट करून मिटवली. कुरडया आणि पापड आता पॅनेलच्या पुढे उन्हात, आणि राखणदार पॅनेलखाली सावलीत.

पाण्याविषयीचा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "तुमच्याकडे पाणी किती दिवसांआड येते?" आमच्या भागात चार-पाच दिवसांनी येते. माणशी रोज १३५ लिटर या प्रचलित मानकाने आमच्या चौघांना ५४० लिटर, म्हणजे पाच दिवसांना २,७०० लिटर लागतात. असे असूनही त्यांनी १० बाय ६ बाय ५ फुटांचा, सुमारे ८,५०० लिटरचा हौद दाखवला. हा अतिरेक नव्हे काय, असे मी विचारले. उजनीचे पाणी शंभर किलोमीटरहून अधिक लांबून जलवाहिनीने येते आणि मध्ये कुठे ती फुटली की पाळी लांबते, हे उत्तर कोणाही सोलापूरकराला पटावे असे होते. त्याहून उपयोगाची सूचना अशी की हौद सर्वांत आधी, जोत्याच्याही आधी बांधावा, कारण काँक्रीटला उष्ण आणि कोरड्या हवेत किमान दहा दिवस सतत ओले ठेवावे लागते आणि ते पाणी आयत्या वेळी टँकरवाल्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही. दुसऱ्या कोणी आम्हाला हे सांगितले नव्हते.

महापालिकेच्या बाबतीत फार लिहिण्यासारखे काही नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी मानली जाते. आमची जागा साधारण १३९ चौरस मीटर असल्याने हे काम सुरळीत झाले. मोजणीची प्रत मात्र आधी काढून ठेवावी, कारण आमच्या कागदावरची आणि प्रत्यक्ष लांबी सात इंचांनी जुळत नव्हती.

आता तक्रारी. पहिला नकाशा तीन आठवड्यांत देण्याचे ठरले होते आणि तो सातव्या आठवड्यात मिळाला. फोन उचलला जात नसे, उचलला तर "उद्या देतो" हे उत्तर ठरलेले असे. शिवाय त्यात स्वयंपाकघर कोणत्या तरी पुण्याच्या फ्लॅटवरून उचलल्यासारखे होते. तीन फुटांची ड्राय बाल्कनी, तीत वॉशिंग मशीन, आणि बाईमाणसाने जमिनीवर बसून काही काम करावे असा कोपराच नाही. सासूबाई शेंगाचटणी आजही उखळात कुटतात, मिक्सरच्या चटणीला तेल सुटत नाही असे त्यांचे ठाम मत आहे, आणि भाकरीचा घाट घालायलाही त्यांना जागा लागते. हे पहिल्याच बैठकीत आम्ही सांगितले होते आणि कार्यालयातील मुलाने वहीत लिहूनही घेतले होते. दुसऱ्या नकाशात मागच्या बाजूला शहाबादी फरशीची धुण्याची मोरी आणि तिच्या शेजारी जमिनीत बसवलेले उखळ आले, पण त्यासाठी दोन आठवडे आणखी गेले.

याहून मोठा दोष अंदाजपत्रकात आहे. एकूण खर्च २९ लाख दाखवला असून त्यात ज्या हौदाचे मी वर एवढे कौतुक केले तोच धरलेला नाही. कंपाउंडची भिंत, गेट आणि ड्रेनेजची जोडणी यांचाही उल्लेख नाही. हे सर्व मिळून साधारण तीन लाखांची तूट निघते. तरुण कुटुंबाच्या दृष्टीने ही चूक किरकोळ नव्हे, कारण बँक कर्जाची रक्कम याच कागदावरून ठरवते आणि त्यात नसलेला प्रत्येक रुपया स्वतःच्या खिशातून, बहुधा मोडलेल्या एफडीतून, जातो. आमच्या सुदैवाने कागद बँकेत देण्याआधी रात्री जेवणानंतर आम्ही दोघांनी तो ओळीओळीने वाचला. विचारल्यावर कार्यालयाने "ते बाहेरचे काम असते" असे सांगितले. हौद घराबाहेर असतो हे खरे, पण पाणी आत येते.

एका गोष्टीचा उल्लेख राहिला. नकाशा पक्का झाल्यावर त्यांचा माणूस जागेवर येऊन दोरी आणि फक्कीने संपूर्ण तळमजला जमिनीवर आखून गेला. फीमध्ये हे धरलेले असते, पण मागितल्याशिवाय करत नाहीत, तेव्हा जरूर मागावे. कागदावर ऐसपैस दिसणाऱ्या खोलीत आम्ही घरून नेलेली चादर पलंगाएवढी अंथरून पाहिली, तेव्हा कपाटाचे दार पलंगाला अडेल हे कळले आणि भिंत नऊ इंच सरकवली गेली. मुलगी मात्र पांढऱ्या रेघेवरून आत यायला तयार नव्हती. दार कुठे आहे ते दाखवा, म्हणाली, आणि दारातूनच आत आली.

नकाशा आणि आरसीसी डिझाइनसाठी मी या कार्यालयाकडे पुन्हा जाईन. अंदाजपत्रक मात्र दुसऱ्या एखाद्या इंजिनिअरकडून स्वतंत्रपणे तपासून घेईन, आणि वेळेबाबत त्यांनी सांगितलेल्या मुदतीच्या दुप्पट धरून चालेन. पाचपैकी साडेतीन गुण. आपल्याकडचा खरा पाऊस सप्टेंबरात पडत असल्याने भूमिपूजन दिवाळीनंतर ठेवले आहे. शेवटचा १४,५०० रुपयांचा हप्ता अजून आमच्याकडे आहे, आणि हौद, भिंत, गेट व ड्रेनेज धरून दुरुस्त केलेले अंदाजपत्रक सहीशिक्क्यासह हाती आले की तो त्याच दिवशी दिला जाईल, असे त्यांना कळवले आहे.