भिंग घ्यायचं तर १० पटीचं ट्रिप्लेटच घ्या

कोल्हापूरच्या आसपास पायाखाली बेसाल्ट, नाहीतर जांभा. म्हणून बी.एस्सी.च्या मुलांना गाळाच्या खडकातले थर दाखवायला आम्ही बदामी गाठतो. या वेळी सोबत २० मिमी व्यासाचं, १० पटीचं, घडीचं ट्रिप्लेट, म्हणजे तीन काचा एकत्र चिकटवून केलेलं भिंग नेलं होतं.

तिसऱ्या लेण्यात, म्हणजे इ.स. ५७८ चा शिलालेख आहे त्याच, वालुकाश्मावर तांबडे-पांढरे पट्टे आहेत. मुलांनी वहीत लगेच ‘थर’ लिहिलं. पण झिरपणारं पाणीही लोह इकडचं तिकडे नेऊन असे पट्टे उमटवतं. निवाडा कणांवरून करायचा. मध्यम वाळूचा कण पाव ते अर्धा मिलिमीटर, भिंगातून तो अडीच ते पाच मिलिमीटर दिसतो. पट्टा ओलांडताना कण जाड-बारीक झाले, तर गाळ पडतानाच काहीतरी बदललेलं असतं. कण तेच आणि फक्त रंग वेगळा, तर थर म्हणायची घाई करू नये. संरक्षित स्मारकात हातोडा लावायचा प्रश्नच नाही. तिथे भिंगच कामाला येतं.

ट्रिप्लेटचे पैसे इथे वसूल होतात. साध्या भिंगात कडेला कण फिसकटतात, त्यांना रंगीत झालर येते, आणि आपल्याला तर रंग आणि कण यांतलाच फरक पाहायचा असतो. ट्रिप्लेटमध्ये जवळजवळ कडेपर्यंत कण स्वच्छ दिसतात. क्रॉस बेडिंगचे तिरके थर, वरून कापलेले आणि खाली वळत टेकलेले, नुसत्या डोळ्यांनीही कळतात. पण लॅमिनात, म्हणजे सेंटीमीटरहून पातळ थरात, कण खालून वर बारीक होतात की जाड, हे भिंगाशिवाय कळणार नाही.

‘३० पट’ छापलेल्या स्वस्त भिंगांपासून सावध राहा. २५० ला पटीने भागलं की नाभीय अंतर, म्हणजे भिंग दगडापासून साधारण किती लांब धरायचं ते, मिलिमीटरमध्ये मिळतं. खऱ्या १० पटीला २५, तर ३० पटीला जेमतेम ८. एका मुलाचं ‘३० पट’ भिंग दगडापासून चांगलं दोन बोटं लांब धरल्यावर स्पष्ट दाखवत होतं, म्हणजे तो आकडा खोटाच.

तक्रार एकच, घडीचा स्क्रू लवकर सैल होतो. बारीक स्क्रूड्रायव्हर जवळ ठेवा. आणि लेण्यात टॉर्च बाजूने, तिरका धरा. कणांच्या कडा उठून दिसतात.