सहा महिने अर्धा अव्होकाडो: कोलेस्टेरॉलचं काय होतं आणि फळाचं काय होतं

आधी निकाल. बटर, चीज किंवा मेयोनीज बाजूला सारून त्या जागी खाल्ला तर अव्होकाडो कामाचा आहे. नेहमीच्या जेवणावर वरून घातला तर रिपोर्टात डोळ्यांना दिसेल असा फरक बहुतेक पडत नाही, खिशाला मात्र पडतो. वापर असा: आयात केलेला हास जातीचा अव्होकाडो, आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला अर्धं फळ. पावसाळ्यात मध्ये काही आठवडे कूर्गकडून येणारं हिरव्या सालीचं बटर फ्रूट.

'अर्धं फळ' हे माप फसवं आहे, म्हणून स्वयंपाकघरातला काटा काढावाच लागतो. २०० ग्रॅमच्या हासमधून साल आणि बी जाऊन साधारण १३५-१४० ग्रॅम गर हातात येतो. म्हणजे अर्ध्यात ७० ग्रॅम. त्यात ११०-११५ कॅलरी, सुमारे १० ग्रॅम स्निग्धांश, पैकी ७ ग्रॅमच्या आसपास एकअसंतृप्त (मुख्यतः ऑलिक आम्ल, जे ऑलिव्ह तेलात असतं तेच) आणि जेमतेम दीड ग्रॅम संतृप्त (बटर-तुपात भरपूर असते ती चरबी). साडेचार ग्रॅमहून थोडा अधिक तंतू आणि ३४० मिलिग्रॅमच्या घरात पोटॅशियम. कोलेस्टेरॉल शून्य, पण ते कुठल्याच फळात नसतं, तेव्हा पाकिटावरच्या 'कोलेस्टेरॉल फ्री'ला भुलायचं कारण नाही. हिरव्या सालीची मोठी फळं पाणीदार असतात, तेल कमी. त्यांचं अर्धं फळ दीड-दोनशे ग्रॅम सहज भरतं. त्यामुळे हासचा हिशोब त्यांना लावू नये.

आता बदलीचं गणित. सँडविचला लावलेलं १० ग्रॅम बटर म्हणजे सुमारे ७२ कॅलरी आणि ५ ग्रॅम संतृप्त चरबी. तेवढ्याच कॅलरी ४५ ग्रॅम अव्होकाडोत मिळतात आणि संतृप्त चरबी येते १ ग्रॅमच्या आत. हे जे ४ ग्रॅम वाचले, तोच खरा फायदा. आहारातली संतृप्त चरबी कमी झाली की यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल (ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते) पकडणारे रिसेप्टर वाढतात आणि रक्तातलं एलडीएल उतरतं. तंतू आतड्यात पित्ताम्लं (यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं ती पाचक आम्लं) अडवतात. ती भरून काढायला यकृत आणखी कोलेस्टेरॉल खर्ची घालतं. अव्होकाडोतले वनस्पती-स्टेरॉल (कोलेस्टेरॉलसारख्याच रचनेचे वनस्पतींतले घटक) आतड्यात कोलेस्टेरॉलशी जागेसाठी भांडतात, पण अर्ध्या फळात ते पन्नासेक मिलिग्रॅमच असतात. कोलेस्टेरॉलसाठी रोजची शिफारस असते दीड-दोन ग्रॅमची. त्यामुळे 'स्टेरॉलयुक्त सुपरफूड' वगैरे जाहिरातीत ठीक.

हा बदलीचा मुद्दा दोन अमेरिकन अभ्यास शेजारी ठेवले की लख्ख दिसतो. पेन स्टेट विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या ४५ जणांना पाच-पाच आठवडे तीन प्रकारचा आहार दिला गेला. जेवण संशोधकांनीच पुरवलेलं, मोजून. कमी चरबीच्या आहारात एलडीएल सरासरी ७ मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटर रक्तामागे) आसपास उतरलं. मध्यम चरबीच्या पण अव्होकाडो नसलेल्या आहारात ८. आणि तेवढ्याच चरबीच्या, रोज एक अव्होकाडो असलेल्या आहारात साडेतेरा मिलिग्रॅम. मग २०२२ साली त्याहून कितीतरी मोठा अभ्यास आला: मोठ्या कंबरेचे हजारावर लोक, २६ आठवडे, रोज एक पूर्ण अव्होकाडो, पण बाकी काय खायचं यावर बंधन नाही. एलडीएल उतरलं अडीच मिलिग्रॅम. पोटातली चरबी, ज्यासाठी मुळात हा अभ्यास आखला होता, जागची हलली नाही. वजन वाढलंही नाही, हे मात्र अव्होकाडोच्या बाजूनं नोंदवायला हवं. फळ तेच, पण एकीकडे अख्खं ताट बदललं होतं, दुसरीकडे ताटात एक फळ वाढलं होतं. दोन्ही अभ्यासांना पैसा अव्होकाडो उत्पादकांच्या मंडळाचा होता. त्यामुळे आकडे खोटे ठरत नाहीत, पण वाचताना लक्षात ठेवावं.

हृदयविकाराचं काय? एक लाख दहा हजारांवर अमेरिकन परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांच्या तीसेक वर्षांच्या नोंदींत आठवड्याला दोन किंवा जास्त वेळा (एक वेळ म्हणजे अर्धं फळ) अव्होकाडो खाणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका १६ टक्के कमी आढळला. पक्षाघाताशी संबंध दिसला नाही. अव्होकाडो खाणारा माणूस बहुधा भाजीपालाही जास्त खातो. संशोधकांनी त्याचा हिशोब धरला, तरी असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. त्यातही बटर, मार्गारिन, चीज, प्रक्रिया केलेलं मांस यांच्या जागी रोज अर्धं माप अव्होकाडो घेतला तर धोका कमी दिसतो, असं त्यांचं गणित सांगत होतं. पुन्हा बदलीच.

रिपोर्ट वाचताना लोक इथेच घसरतात. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, सूत्रानं काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तात फिरणाऱ्या चरबीचा) पाचवा भाग वजा. समजा पहिला रिपोर्ट एकूण २१०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १८०. एलडीएल आलं १३४. तीन महिन्यांनी एकूण २००, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १२०. एलडीएल आलं १३६. लगेच घरात ओरड, 'एवढे महागाचे अव्होकाडो खाऊन उलट वाढलं!' प्रत्यक्षात एचडीएल सोडून उरलेलं सगळं कोलेस्टेरॉल १७० वरून १६० वर आलंय आणि ट्रायग्लिसराइड एक तृतीयांशानं उतरलंय. म्हणून एकूणमधून एचडीएल वजा करून येणारा नॉन-एचडीएलचा आकडा आधी बघावा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर हे सूत्र धरूच नये.

शिवाय एकाच माणसाचं एलडीएल काही दिवसांच्या फरकानं तपासलं तरी पाच-दहा टक्के इकडे-तिकडे होतं. म्हणजे मोठ्या अभ्यासातली ती अडीच मिलिग्रॅमची घट एका माणसाच्या दोन रिपोर्टांत दिसणारच नाही, झाली असली तरी. तपासणी आहार बदलल्यावर दोन ते तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, दोन्ही वेळा सारखाच उपास करून, आणि ताप-सर्दी नसताना. लग्नसराईच्या दुसऱ्या दिवशी नको.

अव्होकाडोकडून ज्या दोन अपेक्षा ठेवू नयेत, त्यांतली पहिली एचडीएल वाढण्याची. ते फारसं वाढत नाही. दुसरी, वाढलेले ट्रायग्लिसराइड खाली आणण्याची. आपल्याकडे ती तक्रार जास्त, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा साखर, मैदा, वरचेवरचा भात, दारू आणि सुटलेलं पोट यांत असतं. चार चमचे साखर घातलेला बटर फ्रूट मिल्कशेक पिऊन हृदयाची काळजी घेतल्याचं समाधान मिळेल, एवढंच.

आता फळ. खरी डोकेदुखी इथे आहे, कारण पाच-सहा फळांतलं एखादं आतून खराब निघतंच. अव्होकाडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावर मऊ होतो. आंब्याची अढी घालणाऱ्या घराला हे सांगायला नको. कच्चा, दगडासारखा हास वर्तमानपत्रात पिकल्या केळ्यासोबत गुंडाळला तर दोन-तीन दिवसांत, नुसता ठेवला तर चार ते सहा दिवसांत तयार होतो. देठाजवळ अंगठ्यानं हलकं दाबल्यावर लोण्यासारखं नाही, तर भिजवलेल्या चामड्यासारखं दबलं की कापायचा. हासची साल पिकताना जांभळट-काळी होते. हिरव्या जातींत रंग तसाच राहतो, तिथे हात आणि कान कामाला येतात. बऱ्याच फळांत पिकल्यावर हलवलं की बी आत खुळखुळते.

एप्रिल-मेमध्ये गणित बिघडतं. ३० अंशांच्या वर फळ सारखं पिकत नाही. देठाकडून बुरशी शिरून तिथे काळं पडतं आणि मध्ये अजून रबर. अशा वेळी माठाशेजारचा, घरातला सगळ्यात गार कोपरा बघावा. कच्चं फळ फ्रिजमध्ये टाकणं ही दुसरी चूक: थंडीनं पिकण्याची क्रिया अडते, बाहेर काढल्यावर गर करडा होतो आणि त्यात काळे धागे दिसतात. आयात फळ आधीच शीतगृहातून आलेलं असतं, त्यामुळे कधीकधी हा दोष आपल्या चुकीशिवायही निघतो. पिकलेलं फळ मात्र फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. देठाची टोपी उडवून खाली हिरवं दिसलं तर चांगलं, ही युक्ती खरी आहे. पण दुकानात प्रत्येकाची टोपी उडवून ठेवली की तिथूनच ते कुजतं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतं.

कापण्याआधी साल धुवावी. खायची नसली तरी सुरी तिच्यावरची घाण आत नेते. फळ पाटावर ठेवून उभं, बीभोवती सुरी फिरवायची, दोन्ही भाग उलट पिळले की सुटतात. बी चमच्यानं काढावी. तळहातावर फळ धरून बीवर सुरी मारण्याचा व्हिडिओतला प्रकार टाके घालायला लावतो. उरलेल्या अर्ध्यात बी राहू द्यावी, उघड्या गराला लिंबू चोळून वर प्लास्टिक अगदी चिकटवून बसवावं. हवा लागेल तिथेच तो तपकिरी होतो. तो थर खरवडला की खालचा गर खायला चालतो. पाण्यात बुडवून ठेवण्याची युक्ती करू नये. सालीवरचे जंतू त्या पाण्यात वाढू शकतात म्हणून अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं २०२२ मध्ये तिच्याविरुद्ध सावध केलं होतं.

खाण्यात सगळ्यात टिकलेला प्रकार: ७० ग्रॅम गर काट्यानं ठेचून, अर्धी हिरवी मिरची, चमचाभर बारीक कांदा, चमचाभर लिंबू, जिरेपूड, चिमूटभर मीठ. मिक्सर नको, चिकट होतो. हे ज्वारीच्या भाकरीबरोबर. सँडविचमध्ये एक अडचण येते: बटर ब्रेडला ओलं होऊ देत नाही, अव्होकाडो ते काम करत नाही. म्हणून गर ब्रेडला, चटणी गरावर आणि टोमॅटो-काकडी मधोमध, नाहीतर डबा उघडेपर्यंत लगदा. भाजीत घालून उकळला तर कडवट होतो. आणि वरण-भातावरच्या तुपाला हा पर्याय नाही, तो प्रयोग एकदाच होतो. तिथे तुपाचा चमचा लहान करावा.

मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम जपायला सांगितलं असेल तर आधी डॉक्टर. रक्त गोठू न देणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा शून्य असं करू नये, प्रमाण स्थिर हवं. रबराच्या हातमोज्यांची, लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांना केळं-किवीसारखा हाही त्रास देऊ शकतो. पहिल्या आठवड्यात गॅस झाला तर मापाला आणखी अर्धं करावं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीला याची अडचण नाही (ग्रेपफ्रूटची काही स्टॅटिनना असते), पण गोळीच्या बदल्यातही हा नाही. कमी मात्रेची ॲटोर्व्हास्टॅटिनसुद्धा एलडीएल तीसेक टक्क्यांहून अधिक उतरवते. एलडीएल १९० च्या वर असेल तर अव्होकाडोचा भाव विचारण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्यावी.

आणि भावाचंच निघालं म्हणून: २० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे म्हणजेही साधारण ११७ कॅलरी, १० ग्रॅम स्निग्धांश, संतृप्त दीड ग्रॅमच्या आसपास, वर ५ ग्रॅम प्रथिनं. अव्होकाडो तंतू आणि पोटॅशियममध्ये पुढे, बाकी बरोबरी. एका हासच्या पैशात महिन्याभराचे दाणे येतात. भाव चढतात त्या महिन्यांत हाच बदल करावा, पण खारे दाणे नकोत आणि वाटीत मोजून घ्यावेत, कारण डब्यातून मुठीनं उचलले की २० चे ५० ग्रॅम कधी झाले कळत नाही.