वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधले तिखट : एका मिरचीप्रेमीचा आढावा

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये माणसाला १९९ फूट उंचीच्या मनोऱ्यात चढवून धाडकन खाली सोडतात, अंधारात रॉकेटमधून गरगर फिरवतात आणि एव्हरेस्टच्या रुळांवरून उलट्या दिशेने पळवतात. पण त्याच माणसाला जेवताना मिरचीचा चटका सोसेल की नाही, याची मात्र तिथल्या बहुतेक स्वयंपाकघरांना मोठी काळजी वाटते. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मिरची खाण्याची आणि रोलर कोस्टरमध्ये बसण्याची आवड एकाच पंक्तीत बसवली आहे. शरीर धोक्याची सूचना देत असते, मनाला मात्र खरा धोका नाही हे पक्के ठाऊक असते, आणि या विसंगतीतूनच मजा येते, असे त्यांचे म्हणणे आहे. हे मान्य केले तर थीम पार्क ही झणझणीत जेवणाची अगदी स्वाभाविक जागा ठरायला हवी. प्रत्यक्षात तिथे तिखट शोधावे लागते. ते कुठे सापडते, कसे मागावे आणि कुठे अपेक्षाच ठेवू नये, हे सांगण्यासाठी हा आढावा आहे.

माझी कसोटी आधीच सांगून टाकतो. पदार्थ शिजल्यावर वरून ओतलेल्या लाल सॉसला मी तिखट मानत नाही. मिरची तेलात, वाटणात किंवा मुरवणात गेलेली असावी, तिला स्वतःची चव असावी, आणि दोन घासांनंतर कान गरम व्हावेत. या कसोटीवर तिथले फार थोडे पदार्थ उतरतात, आणि त्यामागची कारणे समजून घेतली तर शोध पुष्कळ सोपा होतो.

पहिले कारण उघड आहे. एकाच काउंटरवरून दुपारच्या दोन-तीन तासांत शेकडो कुटुंबे जेवतात, आणि त्यांत आजी-आजोबांपासून तीन वर्षांच्या मुलापर्यंत सगळे असतात. पानात तिखट वाढवता येते, एकदा शिजलेले तिखट मात्र काढता येत नाही. त्यामुळे सगळ्यांसाठी एकच पातेले चढवणारा आचारी कमी तिखटाच्या बाजूनेच झुकणार. त्यात उन्हाळ्यातली फ्लोरिडाची दमट हवा, पाऱ्याने ओलांडलेली तिशी आणि जेवणानंतर लगेच गाठायची पुढच्या राइडची रांग यांचा विचार केला, तर व्यवस्थापनाचा सावधपणा अगदीच अनाकलनीय वाटत नाही.

दुसरे कारण जास्त रंजक आहे, कारण ते मेनूवरच्या शब्दांत दडलेले असते. ‘स्पायसी’, ‘फायरी’, ‘किक’ अशी विशेषणे लावलेले पदार्थ थीम पार्कांत भरपूर मिळतात. पण ती विशेषणे बहुधा ज्या सॉसला चिकटलेली असतात, तो मेयोनीजमध्ये कालवलेला असतो किंवा मध-साखरेने घट्ट केलेला असतो. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन पाण्यात नव्हे, तर स्निग्ध पदार्थात विरघळते. त्यामुळे मेयोनीजमधले तेल त्यातले बरेचसे स्वतःकडेच ठेवून घेते आणि जिभेपर्यंत थोडेच पोहोचते. उरलेल्याची धार साखर बोथट करते. नारिंगी रंगाचा, चकचकीत आणि चमच्यावरून सावकाश ओघळणारा सॉस दिसला, की तो मिळमिळीत निघणार असे खुशाल धरून चालावे. मेनूवर छापलेल्या मिरचीच्या चित्रावरही विसंबू नये. कोणती मिरची वापरली आहे, हे वाचणे अधिक उपयोगी. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या तिखटपणाच्या मोजपट्टीवर हालापेनो मिरची साधारण २,५०० ते ८,००० एकक भरते, तर हबानेरो १ लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत जाते. मेनूवर मिरचीचे नावच दिलेले नसेल, तर ती बहुधा नाव घेण्याजोगी नसते.

आता प्रत्यक्ष जागांकडे वळतो, आणि सर्वांत चांगल्या जागेपासूनच सुरुवात करतो. गंमत अशी, की ती कोणत्याही पार्कच्या फाटकाच्या आत नाही. ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या किदानी व्हिलेज भागात २००९ पासून ‘सना’ नावाचे उपाहारगृह आहे. तिथे जायला पार्कचे तिकीट लागत नाही, आणि मोठ्या काचांपलीकडे जिराफ व झेब्रे चरताना दिसतात. आफ्रिकी स्वयंपाक आणि त्याच्यावरचा भारतीय प्रभाव हा तिथला विषय आहे. हा मेळ कोणा सल्लागाराच्या कल्पनेतून आलेला नाही, त्याला इतिहास आहे: १८६० पासून करारबद्ध मजूर म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात गेलेल्या भारतीयांच्या चुलींवर तिथल्या डर्बन शहराची लालभडक, तिखट करी घडली. ‘सना’च्या मेनूत डर्बनच्या धर्तीवरचा मसाला दिसला, तर तो जरूर मागवावा. पदार्थ बदलत राहतात, म्हणून एखाद्या विशिष्ट नावाचा आग्रह न धरता सर्वांत तिखट कोणता, हे वाढणाऱ्यालाच विचारावे.

मात्र ‘सना’ची खरी ओळख म्हणजे तिथली ब्रेड सर्व्हिस. तऱ्हेतऱ्हेचे नान आणि त्यांच्यासोबत छोट्या वाट्यांत नऊ तोंडी लावणी असा हा थाट असतो. काकडीचे रायते, भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीचे हमस, आंब्याची चटणी आणि टोमॅटो-खजुराचा जॅम ही सौम्य मंडळी. चिंच व कोथिंबिरीच्या चटण्या मधल्या फळीत बसतात. उरलेली तीन आपल्या कामाची: लसणाचे लोणचे, लाल मिरचीचे सांबाल (मिरचीचे झणझणीत वाटण) आणि हालापेनो-लिंबाचे लोणचे. लिंबाच्या लोणच्यात आधी आंबटपणा दातांवर येतो, मग सालीचा कडवटपणा, आणि तो ओसरत असताना जिभेच्या कडांवर मिरची हळूच चढू लागते. सांबालचे वागणे अगदी उलट आहे. वाटीच्या कडेला लालसर तेल सुटलेले असते, बिया तशाच दिसतात, आणि कोमट नानच्या तुकड्यावर चमच्याच्या टोकाइतके घेतले तरी पहिल्याच घासात घशापाशी ठिणगी पडते. इथे मिरचीची चवही लागते आणि तिचा दाहही जाणवतो. पुष्कळ लोक चवीत फेरफार म्हणून नऊही वाट्यांत आळीपाळीने नान बुडवतात. माझ्या मते सौम्य पाचसहा वाट्या सोबतच्या माणसाकडे सरकवाव्यात आणि सांबालची आणखी एक वाटी मागवावी. मुख्य पदार्थ मऊ, लोणीदार आला तरी या सांबालच्या जोरावर त्याला हवे तितके तिखट करता येते. टेबलाचे आरक्षण मात्र आधी करावे. डिस्नेच्या पद्धतीप्रमाणे ते ६० दिवस आधी खुले होते.

या एका जागेवरून जो धडा मिळतो, तो जवळजवळ सगळीकडे लागू पडतो. तिखट मुख्य पदार्थात शोधण्याऐवजी बाजूच्या वाटीत शोधावे. सर्वांसाठी एकाच पातेल्यात शिजणाऱ्या पदार्थाला सर्वांना खूश ठेवावे लागते; चटणीवर तसे बंधन नसते, कारण ती घेणे-न घेणे खाणाऱ्यावर सोपवलेले असते.

आता पार्कांच्या आत जाऊ. त्यांपैकी एप्कॉट हे पार्क १ ऑक्टोबर १९८२ रोजी सुरू झाले, आणि आज तिथल्या तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत. साहजिकच पहिली पावले तिकडे वळतात. मेक्सिकोच्या दालनातल्या ‘सान आन्हेल इन’चा संबंध मेक्सिको सिटीतल्या त्याच नावाच्या जुन्या उपाहारगृहाशी आहे. इथे मोले हा दाट मेक्सिकन सॉस मिळाला, तर घ्यावा. पण तोंड भाजेल या अपेक्षेने नव्हे. वाळवलेल्या मिरच्या, सुकामेवा आणि चॉकलेट यांच्या वाटणात मिरचीचा धुरकट, मनुकांसारखा गोडवा कसा उतरतो, हे पाहण्यासाठी तो आहे. तिखट नसलेली तरीही खरी मिरची असू शकते, हे मान्य करण्याइतका मी उदार आहे. मद्य चालत असेल, तर शेजारच्या ‘ला काव्हा देल टकीला’मध्ये हालापेनोची मार्गारिटा मिळते का, ते पाहावे. मिरचीचे कॅप्सेसिन मद्यार्कात सहज उतरत असल्याने पेयातला तिखटपणा कित्येकदा ताटातल्यापेक्षा प्रामाणिक असतो.

चिनी जेवणात कुंग पाओच्या धर्तीचे पदार्थ आकर्षक दिसतात, कारण त्यांत अख्ख्या सुक्या मिरच्या टाकलेल्या असतात. त्या न चावता बाजूला सारल्या, तर पदार्थ गोडसरच लागतो. एखादी दाताखाली घेतली, की चित्र पालटते. सिचुआन मिरीची जिभेला झिणझिण्या आणणारी गंमत वेगळ्याच रसायनाची, सॅन्शूलची असते, आणि मेनूवर तिचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय ती गृहीत धरू नये. जपानी पदार्थांसोबतची वासाबी नाकात झणका देते आणि काही क्षणांत ओसरते. तिला मी या स्पर्धेत धरत नाही. मोरोक्कोच्या बाजूला हरिसा ही लाल मिरचीची चटणी वेगळ्या वाटीत मिळेल का, हे विचारून पाहावे. युरोपातल्या दालनांत तिखटाचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. जर्मनीची मोहरी हा तिथला सर्वांत धाडसी पदार्थ आहे, आणि सॉसेजबरोबर ती चांगली लागते, इतकेच.

हॉलिवूड स्टुडिओज या पार्कमधल्या, ‘स्टार वॉर्स’वर बेतलेल्या ‘गॅलक्सीज एज’ या भागात अनपेक्षितपणे दोन दखलपात्र गोष्टी सापडतात. ‘रॉन्टो रोस्टर्स’मध्ये रॉन्टो-लेस गार्डन रॅप नावाचा शाकाहारी गुंडाळा मिळत आला आहे, आणि त्यात किमचीचे तिखट स्लॉ (चिरलेल्या कोबीची कोशिंबीर) व गोचुजांग या कोरियन मिरचीच्या वाटणाचा लेप असतो. गोचुजांगच्या अंगी मुळातच गोडवा असल्याने दाह बेताचाच राहतो. पण आंबलेल्या कोबीचा कुरकुरीतपणा आणि मिरचीची खमंग चव एकत्र येते, आणि झटपट मिळणाऱ्या जेवणात एवढे फार क्वचित लाभते. मांसाहारी मित्रांनाही मी हाच घ्या असे सांगतो. दुसरी गोष्ट ‘ओगाज कॅन्टिना’मधले फझी टॉनटॉन हे मद्यपेय. ते तिखट नाही. पण त्याच्यावरचा फेस ओठांवर येताच मुंग्या येऊन ओठ बधिर होतात. दातदुखीवर चघळल्या जाणाऱ्या एका वनस्पतीच्या फुलांची ही करामत आहे. अंगाला काहीतरी होऊ द्यायला इथल्या लोकांनी धीर दाखवला आहे, आणि फेसाच्या बाबतीत दाखवलेले हे धाडस स्वयंपाकघरात का पोहोचत नाही, असा प्रश्न पेला रिकामा होईपर्यंत डोक्यात घोळत राहतो.

मॅजिक किंगडम या पार्कमध्ये पर्याय कमी आहेत. ॲडव्हेंचरलँडमधली ‘स्किपर कॅन्टीन’ आशियाई, आफ्रिकी आणि लॅटिन अमेरिकी पदार्थांचा मेनू ठेवते, आणि तिथे टेबलावर येऊन वाढले जात असल्याने तिखटाबद्दल बोलायला सवड मिळते. हे बोलणे महत्त्वाचे आहे. डिस्नेच्या टेबल-सेवेच्या उपाहारगृहांत ॲलर्जी असलेल्या पाहुण्यांशी शेफ किंवा त्यासाठी प्रशिक्षित कर्मचारी बोलतात, अशी पद्धत आहे. म्हणजेच पाहुण्यागणिक ताटात बदल करण्याची सवय त्या स्वयंपाकघरांना आहे. मात्र ‘जास्त तिखट करा’ एवढेच मोघम सांगितले, तर मिरपूड वाढवून ताट परत येण्याचीच शक्यता अधिक. त्याऐवजी ‘ताजी चिरलेली मिरची वेगळ्या वाटीत द्याल का’ किंवा ‘स्वयंपाकघरात सर्वांत तिखट सॉस कोणता आहे, तो बाजूला द्या’ असे नेमके विचारावे. ॲपवरून ऑर्डर करायच्या काउंटरवर हा मार्ग बंद असतो. तिथे पदार्थातून काही वगळता येते, त्यात काही घालता येण्याची शक्यता फार कमी.

म्हणून अनुभवी मंडळी स्वतःची सोय बरोबर नेतात, आणि नियम त्याच्या आड येत नाहीत. डिस्ने वर्ल्डच्या पार्कांत स्वतःसाठी बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतात. अट एवढीच, की ते काचेच्या भांड्यात नसावेत, त्यांना गरम करावे लागू नये आणि त्यांचा वास उग्र नसावा. पहिल्या अटीमुळे टबॅस्को या तिखट सॉसची ती गोंडस छोटी बाटली बाद होते, कारण ती काचेची असते. प्लॅस्टिकच्या बाटलीतला हबानेरो सॉस किंवा सॉसच्या पुड्या चालतात. विमानाने येणाऱ्यांनी हातातल्या सामानात द्रवाची मर्यादा १०० मिलीलीटर आहे, हे ध्यानात ठेवावे. सर्वांत बिनबोभाट उपाय म्हणजे सुक्या मिरचीची भरड. ती सांडत नाही आणि पिझ्झापासून मॅकरोनीपर्यंत कशावरही भुरभुरता येते. तेलकट पदार्थावर ती मिनिटभर मुरू द्यावी, म्हणजे कॅप्सेसिन तेलात उतरते आणि तिखटपणा घासभर सारखा पसरतो.

आणि प्रयोग अंगाशी आलाच, तर पाण्याची बाटली तोंडाला लावण्यात अर्थ नाही. कॅप्सेसिन पाण्याला दाद देत नाही. अशा वेळी सगळे जण डोल व्हिपच्या काउंटरकडे धावतात, आणि ‘स्किपर कॅन्टीन’पासून तो काउंटर जवळही आहे. अननसाचे ते थंडगार, गोड सॉफ्ट सर्व्ह जिभेला क्षणभर आराम देते खरे. पण त्यात दूध अजिबात नसते, आणि कॅप्सेसिनला जिभेवरून उचलून नेणारे केसीन हे प्रथिन दुधातच असते. त्यामुळे काउंटरवर नुसते अननसाचे न मागता व्हॅनिला आइस्क्रीमसोबतचे मिश्र स्वर्ल मागावे.