केंद्रकातली गुणसूत्रं: फिश करावं की हाय-सी?

केंद्रकात गुणसूत्रं कशी मांडलेली असतात यावर प्रकल्प घ्यायचा ठरला, की पद्धत कुठली हा प्रश्न लगेच पुढे येतो: फिश (ठरावीक डीएनए चमकवून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा) की हाय-सी (जवळजवळ असलेले डीएनएचे तुकडे जोडून त्यांची यादी करायची)? हाय-सीचं नाव मोठं, म्हणून बरेच जण डोळे मिटून तिकडे वळतात. मला ते पटत नाही. आधी आपला प्रश्न एका ओळीत लिहून काढा. ‘अमुक जनुक केंद्रकात कुठे असतं?’ असा असेल तर फिश. ‘ते कोणाच्या संपर्कात येतं?’ असा असेल आणि उत्तर जिनोमभर, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएमध्ये, शोधायचं असेल, तर हाय-सी.

फिशमध्ये हव्या त्या डीएनएला जुळणारा चमकता प्रोब, म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा, पेशीत सोडतात आणि तो कुठे बसला ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. प्रत्येक गुणसूत्राचा स्वतःचा इलाखा असतो, ही कल्पना शास्त्रज्ञ कार्ल राब्ल यांनी १८८५ मध्ये मांडली होती. अख्खं गुणसूत्र रंगवून तो इलाखा डोळ्यांना दिसला तो मात्र १९८०च्या दशकात, फिशमुळेच. माणसाचं १८ आणि १९ क्रमांकाचं गुणसूत्र घ्या. दोन्ही लहानच. पण लिम्फोसाइटमध्ये (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीत) जनुकं विरळ असलेलं १८ कडेला, केंद्रकाच्या आवरणालगत सापडतं, आणि जनुकांनी गच्च भरलेलं १९ आत, मध्याकडे. हाय-सीचा नकाशा कितीही बारीक असला, तरी कड कुठली आणि मध्य कुठला हे तो थेट सांगत नाही.

हाय-सीची ताकद वेगळी आहे. फॉर्मल्डिहाइडने शेजारशेजारचे धागे जागच्या जागी जखडायचे, एन्झाइमने डीएनए कापायचा, टोकांना खूण म्हणून बायोटिन लावून ती एकमेकांना जोडायची आणि हे जोडतुकडे सिक्वेन्स करायचे, म्हणजे त्यांतली डीएनएची अक्षरं वाचायची. कोण कोणाच्या शेजारी होतं याची जिनोमभरची यादी हाती येते. २००९च्या पहिल्याच नकाशात सक्रिय आणि निष्क्रिय भाग वेगवेगळे राहतात हे दिसलं, आणि २०१२ मध्ये टॅड, म्हणजे स्वतःच्या आतच जास्त संपर्क ठेवणारे पट्टे. प्रोब बनवायला कुठे बघायचं हे आधी ठाऊक लागतं, म्हणून हे फिशने शोधणं अवघडच होतं. रुग्णाच्या जिनोममध्ये एखादा तुकडा उलटला किंवा गळला आणि त्यामुळे कुठले नवे संपर्क जुळले हे बघायचं असेल, तर मीही हाय-सीच घेईन.

खर्चाचं गणित मात्र कठोर आहे. नकाशा दहापट बारीक हवा तर साधारण शंभरपट सिक्वेन्सिंग लागतं, कारण मोजायच्या असतात तुकड्यांच्या जोड्या, आणि तुकडे दहापट झाले की जोड्या शंभरपट होतात. २०१४ मध्ये किलोबेस (डीएनएची हजार अक्षरं) पातळीच्या नकाशासाठी एकाच पेशीप्रकारात सुमारे ४९० कोटी संपर्क गोळा करावे लागले होते. एवढं बजेट नसेल तर अपुऱ्या सिक्वेन्सिंगचं हाय-सी करू नका. नेहमीच्या पेशीप्रकारांचे नकाशे खुले उपलब्ध आहेत. ते उतरवून घ्या, त्यातून दोन-तीन जागा निवडा आणि स्वतः फिश करा. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला तर मी हाच मार्ग सुचवेन.

दोन्हींचे निकाल जुळले नाहीत तर घाबरायचं कारण नाही. समजा, दहा पेशींपैकी दोघींत डीएनएवरचे क आणि ख हे ठिकाणं अगदी चिकटलेले आहेत आणि आठांत खूप लांब, तर ग आणि घ दहाही पेशींत मध्यम अंतरावर आहेत. हाय-सी फक्त चिकटलेल्या जोड्या मोजतं, म्हणून ते म्हणेल क-ख जवळचे. फिशचं सरासरी अंतर म्हणेल ग-घ जवळचे. दोन्ही खरंच सांगतात. म्हणून फिशमध्ये नुसती सरासरी न देता प्रत्येक केंद्रकातलं अंतर मांडा. नेहमीच्या हाय-सीत लाखो पेशी एकत्र मिसळतात, तिथे हा फरक पुसला जातो.

फिशच्याही मर्यादा आहेत. साध्या प्रकाशसूक्ष्मदर्शकात सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, आणि डीएनएचे पदर सुटे करायला दिलेल्या उष्णतेने बारीक रचना विस्कटू शकते. मिथेनॉल-अ‍ॅसिटिक आम्लाने स्थिर केलेली केंद्रकं स्लाइडवर चपटी होतात. कॅरिओटायपिंगला, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि आकार तपासायला, ते चालतं, पण त्रिमितीय अंतरं मोजायची असतील तर पॅराफॉर्मल्डिहाइडच वापरा, आणि पेशी सुकू देऊ नका.