काटे की काच? सेसना 172 ची दोन पॅनेल

विमान दोन्हीकडे सेसना 172च. एकाच्या पॅनेलवर सहा गोल डायल, म्हणजे काटे; दुसऱ्यात गार्मिन जी1000 चे दोन पडदे, म्हणजे काच. बारामतीला विमान उडवायला शिकताना मला दोन्ही मिळाली, तीही आलटून पालटून, कारण सकाळी जे विमान मोकळं असेल ते घ्यायचं. त्यामुळे सुरुवात कशावर करावी, असं कुणी विचारलं की माझं उत्तर थोडं एकतर्फी असतं.

काचेच्या बाजूचं म्हणणं खोटं नाही. पुढे ए320 सारख्या प्रवासी विमानात बसायचं असेल तर तिथे सगळे पडदेच. सीपीएलच्या, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याच्या, 200 तासांतला प्रत्येक तास घरच्यांच्या खिशातून जातो, मग जुन्या काट्यांवर तो का घालवायचा? शिवाय काचेवर हेडिंगची, म्हणजे नाक कोणत्या दिशेला आहे याची, चिंता नसते. पंखातला मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय दिशा मोजणारं यंत्र, ते आपोआप जुळवत राहतो. डायलवाल्या विमानात डीआयचा, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या डायलचा, जायरो (आतलं फिरतं चाक) सरकतो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी विमान सरळ, समतल ठेवून होकायंत्राशी जुळवावा लागतो. दोन आठवडे काचेवर काढून मी काट्यांवर परतलो आणि सोलापूरच्या वाटेवर हे साफ विसरलो. उजनीचं पाणी डाव्या हाताला लांब राहायला हवं होतं, ते थेट नाकासमोर पसरलेलं. डीआय बारा अंशांनी बाहेर! क्यूएनएचचंही, म्हणजे उंची बरोबर दिसावी म्हणून लावायच्या हवेच्या दाबाचंही, तसंच. टॉवर हेक्टोपास्कलमध्ये 1009 सांगणार आणि आमच्या जुन्या अल्टिमीटरच्या (उंची दाखवणाऱ्या डायलच्या) खिडकीत पाऱ्याचे इंच, म्हणजे पॅनेलवर चिकटवलेल्या तक्त्यात 29.80 शोधा.

एवढं असूनही माझं माप काट्यांकडे झुकतं, आणि त्याला कारण फायनल, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरतानाचा शेवटचा टप्पा.

डायलवर 65 नॉट, म्हणजे तेव्हा ठेवायचा वेग, म्हणजे काटा साधारण घड्याळातल्या तीनपाशी. आकडा वाचावाच लागत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून काटा जागेवर दिसला की नजर परत धावपट्टीवर. काचेवर मात्र वेगाची पट्टी सरकत असते आणि तिच्यावर आकडा फिरत असतो. 64, 67, 65, 63. शेजारी सहा सेकंदांनंतरचा वेग सांगणारी गुलाबी रेघ वर-खाली नाचते. मी त्या आकड्याच्या मागे लागायचो: दोन नॉट वाढले की नाक वर, तीन घटले की खाली. धावपट्टी समोर येऊन ठेपायची आणि मी अजून आत बघत असायचो. एकदा सरांनी न बोलता चेकलिस्ट त्या पट्टीवर आडवी धरली. ते लँडिंग त्या आठवड्यातलं सगळ्यात चांगलं झालं.

हा माझ्या डोळ्यांचाही दोष असेल. माझा एक बॅचमेट पहिल्या दिवसापासून काचेवर होता, त्याला असं काही झालं नाही. उलट काट्यांवर बसवलं की त्याची नजर सहा डायलांमध्ये भिरभिरायची. म्हणजे खरी अडचण कदाचित अदलाबदलीची आहे. तरी काट्यांवरून काचेवर जायला मला जितका वेळ लागला, त्याहून त्याला उलटं यायला जास्त लागला, एवढं मात्र पाहिलंय.

माझ्या हातात असतं तर सोलो, म्हणजे पहिलं एकट्याचं उड्डाण, होईपर्यंत मी फक्त काट्यांवर राहिलो असतो आणि इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याचे, तास काचेवर केले असते. तिथे जी1000 खरंच सुखाचं आहे. एकाच आठवड्यात दोन्ही शक्यतो नकोच. टळत नसेल तर आदल्या संध्याकाळी डिस्पॅचला, म्हणजे विमानं वाटून देणाऱ्या खोलीत, कोणतं विमान मिळणार ते विचारून ठेवा. डायलवालं निघालं, तर चेकलिस्टच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘डीआय’ लिहा. मी अजून लिहितो.