स्वित्झर्लंडचा पगार की जर्मनीचा? आधी घरातली माणसं मोजा

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या बेळगावातल्या शहापूरचा एक मुलगा घरी आला. व्हीटीयू या विद्यापीठाची मेकॅनिकलची पदवी आणि उद्यमबागेच्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या विभागात सहा वर्षांचा अनुभव. त्यानं टेबलावर दोन पत्रं ठेवली. एक स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्याचं, दुसरं जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एस्लिंगेनचं. "काका, स्विसवाले जवळजवळ दीडपट देतायत. आई म्हणते, ह्यात विचारायसारखं काय आहे?"

विचारायसारखं बरंच आहे. मी चार वर्षं विंटरथूरमध्ये काढली आणि पुढची पाच स्टुटगार्टजवळ. काम दोन्हीकडे यंत्रांचंच. विंटरथूरचं पहिलं वर्ष मी एकटा होतो, नंतर बायको आणि मुलगी आल्या. एकटा असताना मी टिळकवाडीच्या घराचं कर्ज जितक्या वेगानं फेडलं, तितकं नंतर कधीच जमलं नाही. पगार मात्र दरवर्षी वाढतच होता. तेव्हा कळलं की हिशेब पगारापासून नाही, घरातल्या माणसांपासून सुरू करायचा असतो. स्वित्झर्लंडमध्ये मोठे खर्च माणशी लागतात. जर्मनीत तेच खर्च बऱ्याच अंशी मिळकतीच्या प्रमाणात लागतात, मग घरात एक माणूस असो की चार.

आरोग्यविम्याचा हिशेब

हा फरक सगळ्यात ठळक दिसतो तो आरोग्यविम्यात. स्वित्झर्लंडमध्ये विमा सक्तीचा आहे, तो स्वतः घ्यायचा असतो आणि कंपनी त्यात एक फ्रँकही घालत नाही. हप्त्याचा पगाराशी संबंध नाही. सफाई कामगार आणि बँकेचा मॅनेजर एकाच गावात, एकाच वयाचे, एकाच योजनेत असले तर हप्ता सारखाच. 2026 साली देशभरातला सरासरी हप्ता माणशी महिना 393 फ्रँक आहे. त्यात मुलंही धरलेली असल्यामुळे मोठ्या माणसाचा हप्ता याहून जास्त पडतो. मुलाचा मोठ्याच्या साधारण चौथ्या भागाइतका. नवरा, बायको आणि एक मूल म्हणजे तीन पॉलिसी आणि दर महिन्याला तीन बिलं.

हप्ता भरला म्हणजे दवाखाना फुकट, असंही नाही. वर्षातला सुरुवातीचा काही खर्च आपल्या खिशातून जातो. मोठ्या माणसाला ती रक्कम 300 ते 2,500 फ्रँकच्या दरम्यान निवडता येते. तिच्या वरच्या खर्चातलाही दहा टक्के वाटा आपला, वर्षाला जास्तीत जास्त 700 फ्रँक. हप्ता कमी पडावा म्हणून 2,500 चा पर्याय घेतला आणि त्या वर्षी एखादं ऑपरेशन निघालं, तर हप्त्यांशिवाय 3,200 फ्रँक गेले. एकट्या, तिशीतल्या, धडधाकट माणसानं तो पर्याय जरूर घ्यावा. लहान मुलं असलेल्या आईनं घेऊ नये. दातांचा साधा खर्च यात कुठेच बसत नाही, तेव्हा दाढा इथेच दाखवून जा.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. तिथे पोचल्यावर विमा घ्यायला तीन महिन्यांची मुदत असते. बायको-मुलगी आल्यावर मी ती मुदत म्हणजे सवलत समजलो आणि तिसऱ्या महिन्याच्या शेवटी अर्ज केला. विमा मात्र पोचल्या तारखेपासून लागू होतो. दोघींचे तीन महिन्यांचे हप्ते एकदम आले, तेही घराची अनामत भरली त्याच आठवड्यात.

जर्मनीत सरकारी पद्धतीच्या विम्याची वर्गणी पगाराच्या 14.6 टक्के, वर प्रत्येक विमासंस्थेची थोडी जादा टक्केवारी. त्यातला निम्मा भार कंपनी उचलते. बायकोला मिळकत नसेल तर ती आणि मुलं त्याच वर्गणीत येतात, वेगळा पैसा नाही. एस्लिंगेनला माझ्या एका वर्गणीत आम्ही तिघं होतो. मुलीचं ॲपेंडिक्सचं ऑपरेशन तिथेच झालं. चार दिवस ती दवाखान्यात होती आणि त्याचं बिल घरी आलं नाही.

पगारपत्रकाचं पहिलं दर्शन

जर्मन पगारपत्रक पाहून पहिल्या महिन्यात पोटात गोळा येतो. एकट्या माणसाच्या पगारातून तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त कापलेला असतो. पण कर, विमा, पेन्शन, बेकारीचा विमा असं सगळं त्यात वळतं झालेलं असतं, त्यामुळे हातात येतं ते खरोखर आपलं. लग्न झालेलं असेल, बायको सोबत राहत असेल आणि एकाचीच कमाई असेल तर करवर्ग बदलून घेता येतो आणि कपात चांगलीच उतरते. शिवाय प्रत्येक मुलामागे महिना 259 युरो सरकार देतं, मिळकत कितीही असो. नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तो नीट वाचून भरा, चर्चचा कर त्यावरूनच लागतो.

स्विस पगारपत्रकावर कपात कमी दिसते आणि माणूस हुरळतो. कर पगारातूनच कापला जातो, त्याचा दर कँटननुसार, म्हणजे तिथल्या राज्यानुसार बदलतो. पण विमा त्यात नसतो, तो अजून भरायचाच असतो. मुलांसाठीचा भत्ता तिथेही आहे, महिना किमान 215 फ्रँक. अडतं ते पाळणाघरात. झुरिकच्या परिसरात एका मुलाचे दिवसाला शंभर फ्रँकच्या पुढे जातात. बायकोनं नोकरी धरली तर तिचा अर्धा पगार तिथेच जिरतो. आमच्याकडे हा हिशेब जमला नाही आणि तीन वर्षं ती घरी बसली. आम्ही स्वित्झर्लंड सोडलं त्याचं मुख्य कारण हेच.

परवाने

इथे फारसं तोलण्यासारखं नाही, जर्मनी सरळ पुढे आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. संघाबाहेरच्या आपल्यासारख्या देशांतून येणाऱ्या कामगारांसाठी तिथे वर्षाला 8,500 परवाने असतात, आणि हा माणूस स्विस किंवा युरोपीय उमेदवारांत मिळाला नाही हे कंपनीला दाखवावं लागतं. कायमच्या वास्तव्याला आपल्यासारख्यांना साधारणपणे दहा वर्षं लागतात. जर्मनीनं 2024 च्या ऑक्टोबरात भारतीय कुशल कामगारांसाठीची व्हिसांची मर्यादा वर्षाला 20,000 वरून 90,000 वर नेण्याचं जाहीर केलं. तिथे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित कामगारांचा परवाना) मिळालं आणि जर्मनची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा झाली तर 21 महिन्यांत कायमचं वास्तव्य मागता येतं. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला येण्याआधी भाषेची परीक्षा लागत नाही आणि आल्या दिवसापासून नोकरी करता येते. स्वित्झर्लंडमध्ये बायकोला तिथली भाषा थोडीफार यावी लागते, नाहीतर वर्गात नाव घातल्याचा पुरावा द्यावा लागतो.

नागरिकत्वापर्यंत विचार जात असेल तर एक गोष्ट आपल्या भागातल्या माणसांनी आधीच लक्षात घ्यावी. भारतीय नागरिकत्व सोडल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली राहते. खानापूरकडचं शेजारचं रान पुढेमागे घ्यायचा मनसुबा असेल तर घरात हे बोलून ठेवा.

घर

अनामत दोन्हीकडे तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत. विंटरथूरच्या घरात ओटा, चूल, फ्रीज सगळं तयार होतं. एस्लिंगेनचं घर बघायला गेलो तर स्वयंपाकघराच्या भिंतीतून नुसते पाण्याचे दोन पाईप बाहेर आलेले, ओटा नाही, कपाट नाही, छताला दिवाही नाही. जर्मनीत हे सर्रास चालतं, आधीचा भाडेकरू ओटासुद्धा उचलून नेतो. तो खर्च पहिल्याच महिन्यात येतो, म्हणून हाताशी रोख हवी. जाहिरातीतलं भाडं 'थंड' की 'गरम' हेही विचारा. थंड भाड्यात हीटिंग, पाणी, जिन्याची सफाई धरलेली नसते.

स्विस घर सोडताना खरी परीक्षा. तपासणीला आलेल्या बाईंनी चुलीवरच्या धूर ओढणाऱ्या यंत्राची जाळी काढली, पांढऱ्या कागदानं आतून पुसली आणि कागद माझ्यापुढे धरला. तीन वर्षांच्या फोडण्यांचा पिवळा डाग. सफाईचे पैसे अनामतीतून गेले. जाळी दर महिन्याला सोड्याच्या गरम पाण्यात टाका. कपडे धुण्याचं यंत्र इमारतीत सामाईक असतं आणि ज्याची त्याची पाळी ठरलेली. कचऱ्याची पिशवीही ठरावीकच, तिच्या किमतीतच कर असतो आणि पस्तीस लिटरची एक पिशवी दीड-दोन फ्रँकला पडते. आमच्याकडे ओला कचरा वेगळा करायची सवय त्या पिशवीनं लावली.

भाषा

इथे मात्र बेळगावचा माणूस पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा तयार असतो, असं माझं ठाम मत आहे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि कोकणीची फोडणी. आपण अशातच वाढलो. स्वित्झर्लंडमध्ये चार राष्ट्रभाषा आहेत. बील गावात रस्त्यांच्या पाट्या जर्मन आणि फ्रेंच दोन्ही भाषांत आहेत. त्या पाटीखाली पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मी बराच वेळ हललो नाही. 1956 पासून आपल्याकडे जे मागितलं जातंय, ते तिथे भिंतीवर लावलेलं होतं.

पण अडचणही तिथेच. वर्गात शिकवतात ती पुस्तकी जर्मन. विंटरथूरमध्ये बोलतात ती स्विस जर्मन, आणि दोन्हींत पुस्तकी मराठी आणि मालवणी यांच्याहून जास्त अंतर. झुरिक कँटनच्या बालवाडीत बोलीच चालते. मुलगी सहा महिन्यांत ती बोली फाडफाड बोलू लागली आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचो. सकाळच्या नऊच्या खाऊला बायको तूप-गुळाची पोळी गुंडाळून द्यायची. एक दिवस डबा भरलेला परत आला, सोबत बाईंची चिठ्ठी: गोड नको, गाजर किंवा सफरचंद चालेल. मुलीनंच ती वाचून आम्हाला अर्थ सांगितला. जर्मनीत स्टुटगार्टकडे स्वाबियन बोली आहे, पण शाळा, कचेरी, दवाखाना सगळं पुस्तकी भाषेवर निभतं. आईबापांना ते फार सोपं जातं.

वर्ग इथूनच सुरू करा. गोएथे या जर्मन भाषासंस्थेच्या परीक्षांना बेंगळुरू किंवा पुणे, आपल्याला पुणे जवळ.

सीमेवरचा तिसरा मार्ग

कागलकडच्या गाड्या पेट्रोल स्वस्त म्हणून निपाणीला येऊन टाकी भरतात. तसे झुरिककडचे लोक शनिवारी जर्मनीतल्या कॉन्स्टान्झला वाणसामान भरायला जातात. स्विस सरकारनं जानेवारी 2025 पासून त्यावरची करमाफी माणशी दिवसाला 300 वरून 150 फ्रँकवर आणली, तरी रांगा आहेतच. मग राहायचं जर्मनीत आणि कमवायचं स्वित्झर्लंडमध्ये असं जमेल का, हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येकाला सुचतो. जमतं, पण लगेच नाही. आपल्या पासपोर्टवर त्यासाठी आधी जर्मनीचं कायमचं वास्तव्य लागतं आणि सीमेजवळच्या पट्ट्यात किमान सहा महिने राहिलेलं असावं लागतं. म्हणजे तो रस्ताही जर्मनीतूनच जातो.

नोकरी आणि सुट्टी

स्विस कारखान्यात आठवड्याला बेचाळीस तासांच्या आसपास काम, कायद्यानं चार आठवडे रजा, आणि नोटीस देऊन माणूस काढणं कंपनीला सोपं. दक्षिण जर्मनीत धातुउद्योगाच्या कामगार संघटनेचा करार लागू असेल तर आठवडा पस्तीस तासांचा आणि रजा तीस दिवस. दहाहून जास्त माणसांच्या कंपनीत सहा महिने भरले की कारणाशिवाय काढता येत नाही. पत्रात त्या कराराचा उल्लेख आहे का, ते शोधा. एस्लिंगेनच्या पत्रात होता.

गाडी चालवणाऱ्यांसाठी उलटं. भारतीय परवान्यावर स्वित्झर्लंडमध्ये वर्षाच्या आत एक तपासणी-फेरी दिली की झालं. पण तीत नापास झालात तर ती पुन्हा मिळत नाही. जर्मनीत सहा महिन्यांनी लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्यानं द्याव्या लागतात.

कागदपत्रं

सीमाभागातली बहुतेक प्रकरणं नावावर अडकतात. कर्नाटक बोर्डाच्या मार्कशीटवर आडनावाऐवजी नुसती आद्याक्षरं, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, आणि आजोळ चंदगडचं असेल तर आईच्या कागदांवर तिसरंच स्पेलिंग. हे सगळं जायच्या आधी एका रेषेत आणा. जुना जन्मदाखला नुसता कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी असलेला नवा काढा, तिथे कन्नडचा शपथबद्ध अनुवादक सहज मिळत नाही. पदवी जर्मनीत मानली जाते का, ते अनाबिन या माहितीकोशात आधी बघून घ्या. जर्मन व्हिसाचा अर्ज राहत्या राज्यावरून ठरतो. चंदगडच्या माणसाला मुंबई, शेजारच्याच बेळगावच्या माणसाला बेंगळुरू.

त्या मुलाला मी दोन प्रश्न विचारले. लग्न कधी, आणि घरी कर्ज किती. कर्ज फेडत आलेलं, लग्न मे महिन्यात, मुलगी नर्स. मग एस्लिंगेनच्या पत्रावर सही कर म्हटलं. कर्ज मोठं असतं आणि लग्नाला अजून तीन-चार वर्षं असती, तर विंटरथूरच म्हटलं असतं, आणि तेही तेवढ्याच खात्रीनं. नर्सिंगची पदवी जर्मनीत मान्य करून घ्यायला बी-टूपर्यंत जर्मन लागेल, म्हणून दोघांनी एकाच वर्गात नाव घातलंय. जन्मदाखल्यासाठी तो सोमवारी महापालिकेत जाणार आहे.